हायस्कूल मॉक ट्रायल: पालकांचे आणि मुलांचे नेहमीचे प्रश्न

अमेरिकेतल्या हायस्कुलांत सप्टेंबर उजाडला की क्लबांच्या यादीत 'मॉक ट्रायल' हे नाव दिसतं. मुलं घरी येऊन "मी नाव देऊ का?" विचारतात, आणि 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे ऐकत मोठे झालेले आई-बाबा एकमेकांकडे बघतात. न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत मराठी घरांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. नियम राज्यागणिक थोडे बदलतात, तेव्हा शंका आली तर आपल्या राज्याची नियमपुस्तिका प्रमाण मानावी.

मॉक ट्रायल म्हणजे नेमकं काय करतात?

आयोजक एका काल्पनिक खटल्याचं बाड तयार करतात. त्यात आरोपपत्र किंवा दावा, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं, नकाशे, फोटो, अहवाल, लागू असलेला कायदा आणि पुराव्याचे नियम असं सगळं असतं. सगळ्या शाळांना तेच बाड मिळतं. मग एका शाळेचा संघ सरकारी पक्ष (दिवाणी खटला असेल तर वादी) आणि दुसऱ्या शाळेचा संघ बचाव पक्ष म्हणून समोरासमोर उभा राहतो. वकील मुलंच आणि साक्षीदारही मुलंच. बऱ्याच ठिकाणी कोर्टाचं कामकाज संपल्यावर किंवा शनिवारी खऱ्या न्यायालयाच्या इमारतीत सामने होतात. न्यायाधीशाच्या खुर्चीत खरा न्यायाधीश किंवा मुरलेला वकील असतो आणि ज्यूरीच्या, म्हणजे खऱ्या खटल्यात कौल देणाऱ्या नागरिकांच्या, बाकांवर गुण देणारे वकील बसतात. हे सगळे स्वयंसेवक.

क्रम खऱ्या खटल्याचाच. दोन्ही बाजूंची प्रारंभिक निवेदनं, मग साक्षीदारांची सरतपासणी, उलटतपासणी, हवी तर फेरतपासणी, आणि शेवटी समारोपाचे युक्तिवाद. राष्ट्रीय स्पर्धेच्या नियमांनुसार प्रत्येक बाजूला प्रारंभासाठी ५ मिनिटं, सरतपासणीसाठी एकूण २५, उलटतपासणीसाठी एकूण २० आणि समारोपासाठी ५ मिनिटं मिळतात. एका सामन्यात प्रत्येक संघाचे तीन वकील आणि तीन साक्षीदार उतरतात. हरकतीवर ('ऑब्जेक्शन'वर) वाद चालू असेल तेव्हा घड्याळ थांबवतात, त्यामुळे प्रत्यक्षात दोन तास सहज उलटून जातात.

ही स्पर्धा कधीपासून आहे?

कॅलिफोर्नियात १९७७ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरुवात झाली. तिथली स्पर्धा चालवणारी संस्था आज 'टीच डेमॉक्रसी' या नावाने ओळखली जाते. राज्याराज्यांचे विजेते एकत्र येतात ती राष्ट्रीय स्पर्धा १९८४ मध्ये आयोवातल्या डेस मॉईन्स शहरात पहिल्यांदा भरली आणि आता दर मे महिन्यात वेगवेगळ्या शहरांत होते. पुढच्याच वर्षी त्याच शहरातल्या ड्रेक विद्यापीठाच्या लॉ स्कूलचे डीन रिचर्ड कॅल्किन्स यांनी महाविद्यालयीन स्पर्धेसाठी 'अमेरिकन मॉक ट्रायल असोसिएशन' उभी केली. त्यामुळे हायस्कूलमध्ये गोडी लागलेल्या मुलांना पुढेही वाट आहे.

म्हणजे डिबेटच की! किंवा आपल्याकडच्या लॉ कॉलेजातलं मूट कोर्ट?

दोन्ही नाही. डिबेटमध्ये मुलं बाहेरून माहिती गोळा करतात, आकडे आणि लेख आणतात. मॉक ट्रायलमध्ये बाडाबाहेरचं काही चालत नाही. इंटरनेटवर कितीही शोधलं तरी ते कोर्टात मांडता येत नाही, कारण खटला बंद बाडातच चालतो. मूट कोर्टमध्ये साक्षीदार नसतात. तिथे अपिलासारखा फक्त कायद्याच्या मुद्द्यावर युक्तिवाद होतो. इथे मात्र घटना काय घडली हेच साक्षीदारांच्या तोंडून सिद्ध करायचं असतं.

माझ्या मुलीला वकील व्हायचं नाही. मग कशाला?

या स्पर्धेत उतरणाऱ्या सगळ्याच मुलांना वकील व्हायचं नसतं, आणि फायदा कळण्यासाठी आधी ती मुलं आठवडाभर काय करतात ते पाहायला हवं.

बाड हातात पडलं की पहिले काही आठवडे फक्त वाचन. शंभरएक पानं, आणि तीही जाणूनबुजून विसंगत लिहिलेली. एका साक्षीदाराच्या मते गाडी दहा वाजता निघाली, दुसऱ्याच्या मते सव्वादहाला. एका अहवालात नमुना घेतल्याची तारीख आहे, पण कोणी घेतला ते नाही. या फटी शोधायच्या. परीक्षेसाठी वाचणारं मूल उत्तर सापडलं की थांबतं. इथे तेच पान चौथ्यांदा वाचल्यावर खटला उलगडतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक संघाला दोन्ही बाजू लढवाव्या लागतात. मंगळवारी आरोपी दोषी आहे हे पटवून द्यायचं आणि शनिवारी तोच निर्दोष आहे हे. सुरुवातीला मुलं कुरकुरतात. "पण त्यानेच केलंय ना!" अशी वाक्यं सरावात ऐकू येतात. सहा आठवड्यांनी तीच मुलं आपल्या आवडत्या बाजूतली भगदाडं स्वतःच दाखवू लागतात, कारण तिथेच समोरचा संघ बोट ठेवणार हे त्यांना कळलेलं असतं. माझ्या मते या स्पर्धेतून मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. छान बोलायला शिकवणारे उपक्रम ढिगाने आहेत. आपलंच म्हणणं विरोधकाच्या नजरेने तपासायला लावणारे फार थोडे. डॉक्टर होणाऱ्या मुलीला निदान पक्कं करण्याआधी याचा उपयोग होईल आणि इंजिनियर होणाऱ्या मुलाला डिझाइन मंजुरीला देण्याआधी.

मुलगा लाजाळू आहे. त्याला झेपेल?

साक्षीदाराची भूमिका विचारात घ्या. पालकांना वाटतं वकील म्हणजे नायक आणि साक्षीदार म्हणजे दुय्यम पात्र. पण साक्षीदारालाही स्वतंत्र गुण असतात आणि चांगला साक्षीदार सामना फिरवतो. त्याला कागद हातात घेऊन बसता येत नाही. आपलं प्रतिज्ञापत्र त्याला तळहातासारखं माहीत असावं लागतं. वर ते घोकल्यासारखं न वाटता एखाद्या हवालदाराच्या, शेजारणीच्या किंवा न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या तोंडून यावं लागतं. गटात न बोलणारी मुलं दुसऱ्याचं नाव धारण केल्यावर कशी मोकळी होतात, हे नाटक केलेल्या कुणालाही सांगायला नको.

साक्षीदाराला एक कडक बंधन असतं. त्याला नवं तथ्य शोधून काढता येत नाही. प्रतिज्ञापत्रात रस्त्यावरचा दिवा बंद होता असं असेल आणि अडचणीत सापडल्यावर तो म्हणाला की चांदणं होतं, तर विरोधी वकील तिथल्या तिथे ते उघडं पाडतो आणि गुण जातात.

याशिवाय वेळ मोजणाऱ्याची जबाबदारी असते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत कोर्टातला लिपिक आणि शिपाईही विद्यार्थीच असतात. तिथे कोर्टरूमचं चित्र काढणाऱ्या आणि खटल्याची बातमी लिहिणाऱ्या मुलांसाठीही वेगळी स्पर्धा आहे.

उलटतपासणीचं एवढं कौतुक का?

कारण ती सगळ्यात अवघड आणि सगळ्यात शिकवणारी. सरतपासणीत आपल्याच साक्षीदाराला मोकळे प्रश्न विचारायचे असतात: काय पाहिलंत, मग काय झालं. उत्तर सुचवणारा प्रश्न तिथे चालत नाही. उलटतपासणीत नेमकं उलट. प्रश्न असा विचारायचा की उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच यावं.

समजा शेजारणीने खिडकीतून आरोपीला पळताना पाहिलं असं ती सांगते. नवखा वकील विचारतो, "तुम्हाला इतक्या लांबून कसं ओळखता आलं?" आणि ती दोन मिनिटं ठासून समजावते की मुलगा रोज आपल्या दारावरून जातो, चालही ओळखीची आहे. संपलं! तयारीचा वकील असं करतो:

"तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते?" "हो."
"तुम्ही झोपेतून उठला होता?" "हो."
"चष्मा पलंगाजवळच्या टेबलावर होता?" "हो."
"तुमच्या घरासमोरचा दिवा त्या आठवड्यात बंद होता?" "हो."
"धन्यवाद. आणखी प्रश्न नाहीत."

'मग ओळखलं कसं?' हा प्रश्न जिभेच्या टोकावर असतो आणि तो गिळायचा असतो. निष्कर्ष समारोपाच्या युक्तिवादासाठी राखून ठेवायचा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला बरोबर वेळी गप्प बसायला शिकवणं किती कठीण आहे हे पालकांना वेगळं सांगायला नको. आणि साक्षीदाराने प्रतिज्ञापत्राविरुद्ध उत्तर दिलं, तर शांतपणे पान आणि परिच्छेद दाखवून त्याचंच वाक्य त्याच्याकडून वाचून घ्यायचं. आवाज चढवणारे वकील इथे गुण गमावतात.

'ऑब्जेक्शन' कधी म्हणायचं, हे मुलांना कसं कळतं?

स्पर्धेतले पुराव्याचे नियम अमेरिकेच्या संघीय पुरावा नियमांवर बेतलेले असतात. ते मूळ नियम १९७५ पासून लागू आहेत. मुलांसाठी त्यांची सुटसुटीत आवृत्ती काढतात. त्यातल्या दहा-बारा हरकती वारंवार वापरात येतात: सूचक प्रश्न, गैरलागू मुद्दा, अटकळ, आधीच विचारून झालेला प्रश्न, पाया न घालता (तो कुठून आला, साक्षीदाराला कसा माहीत हे न दाखवता) मांडलेला पुरावा आणि अर्थातच ऐकीव पुरावा, म्हणजे 'हिअरसे'.

ऐकीव पुराव्यावर मुलं सगळ्यात जास्त रमतात, कारण तिथे 'हो' किंवा 'नाही'त उत्तर नाही. "शेजारणीने मला सांगितलं की त्यानेच काच फोडली" हे वाक्य काच त्याने फोडली हे सिद्ध करायला वापरलं तर ऐकीव. पण साक्षीदाराने पोलिसांना फोन का केला एवढंच सांगायला वापरलं, तर ते ऐकीव ठरत नाही असा युक्तिवाद करता येतो. आरोपी स्वतःच तसं बोलला असेल आणि सरकारी पक्ष ते मांडत असेल, तर ते चालतं. शेजारीण घटनेच्या धक्क्यात, त्याच क्षणी ओरडली असेल, तर त्यासाठी वेगळा अपवाद आहे. समोरचा उठून हरकत घेतो, न्यायाधीश "काउन्सेल (वकील), तुमचं म्हणणं?" विचारतात, आणि मुलीला काही सेकंदांत ठरवावं लागतं की यातला कोणता मार्ग धरायचा. हरकत फेटाळली गेली तर चेहरा न पाडता पुढचा प्रश्न.

याचा एक दुष्परिणाम घरी भोगावा लागतो. जेवताना 'अमक्या काकू म्हणत होत्या की' अशी सुरुवात केली की कोपऱ्यातून आवाज येतो, "हिअरसे!" आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रत्येक फॉरवर्डला "हे कोणी स्वतः पाहिलंय?" असा प्रश्न. सवय करून घ्या.

खटल्याचा निकाल आपल्या बाजूने लागला म्हणजे सामना जिंकला?

नाही, आणि पहिल्या वर्षी इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. न्यायाधीश आरोपीला दोषी ठरवतात की निर्दोष, याचा गुणांशी संबंध नसतो. गुण सादरीकरणाला: प्रत्येक निवेदन, प्रत्येक तपासणी, प्रत्येक साक्षीदार यांना साधारण १ ते १० पैकी. त्यामुळे खटला हरलेला संघ सामना जिंकू शकतो. पुढच्या फेऱ्यांत साधारण सारख्या ताकदीचे संघ समोरासमोर आणतात आणि प्रत्येक संघाला दोन्ही बाजू मिळतील असं पाहतात.

गुण देणारी माणसं आहेत, मतं वेगळी असतात. एकाच तपासणीला एक वकील ९ देतो आणि शेजारचा ६. मुलं चिडतात. ती चिडचिड ऐकून घ्या, पण गुणपत्रिका घेऊन आयोजकांकडे जाऊ नका.

मुलगा महाराष्ट्र मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत नेहमी पहिला येतो. त्याला सोपं जाईल ना?

प्रारंभिक निवेदन सोपं जाईल. बाकी सगळं कदाचित जास्तच अवघड. आपल्या वक्तृत्वाच्या परंपरेत भाषण पाठ करून, आवाजाचा चढउतार आणि हातवारे यांसह मांडायची सवय लागते. मॉक ट्रायलमध्ये साक्षीदाराने अनपेक्षित उत्तर दिलं की पाठ केलेलं सगळं कोसळतं. समोरच्याचं ऐकून त्याच्या उत्तरातला शब्द पुढच्या प्रश्नात पकडायचा असतो. समारोपाचा युक्तिवाद तर त्या दिवशी कोर्टात प्रत्यक्ष काय आलं त्यावरच उभा करायचा. न आलेल्या साक्षीचा उल्लेख केला तर लगेच हरकत येते. आईने लिहून दिलेलं भाषण इथे चालत नाही, आणि आयांनी तो मोह टाळावा.

कॉलेज प्रवेशाला किती उपयोग?

अर्जात एक ओळ. चार वर्षं टिकून राहिलेल्या, संघाची कर्णधार झालेल्या मुलीसाठी ती वजनदार ओळ ठरते. अकरावीत एक वर्ष हजेरी लावणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही. ज्याने मुलाला दोन-तीन हिवाळे घडताना पाहिलं अशा प्रशिक्षकाचं शिफारसपत्र जास्त बोलतं. एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. या क्लबात येणारी मुलं बरेचदा आधीच वाचणारी, बोलणारी असतात, तेव्हा पुढच्या यशाचं सगळं श्रेय स्पर्धेला देणं बरोबर नाही. केवळ प्रवेशासाठी ढकललेलं मूल पहिल्याच सामन्यात ओळखू येतं. त्याने बाड वाचलेलं नसतं.

आम्ही नुकतेच भारतातून आलो. उच्चार वेगळे आहेत, नागरिकत्वही नाही.

स्पर्धेचे नियम शाळेतली नोंदणी पाहतात, पासपोर्ट नाही. उच्चारांना गुण नसतात, पण भरभर बोलण्याची सवय मात्र नडते. गुण देणारे लिहून घेत असतात, त्यांना वेळ द्यायला हवा. सावकाश बोलणं आणि वाक्य पूर्ण करणं एवढं सांभाळलं तरी पुरतं. अमेरिकेतलं कोर्ट, ज्यूरी, मूक राहण्याचा हक्क या गोष्टी इथेच वाढलेल्या मुलांनाही टीव्हीवरूनच माहीत असतात, त्यामुळे नवी मुलं फार मागे नसतात.

वेळ आणि पैसा?

बाड साधारण शरद ऋतूत येतं. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी, स्पर्धा जवळ आली की जवळजवळ रोज. काउंटीच्या फेऱ्या बऱ्याच ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीत आणि राज्याची अंतिम फेरी मार्चच्या आसपास होते. राष्ट्रीय स्पर्धेचा खटला वेगळा असतो आणि तो एप्रिलमध्ये हाती येतो, म्हणजे राज्य जिंकलेल्या संघाला पुन्हा श्रीगणेशा. तोही ए-पी, म्हणजे हायस्कूलमध्ये घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, परीक्षांच्या तोंडावर.

शाळेच्या संघात खर्च कमी असतो. शिक्षक आणि मदतीला येणारे वकील फुकट वेळ देतात. साधा गडद ब्लेझर लागतो, तो थ्रिफ्ट स्टोअरमधलाही चालतो. वेशभूषेला तर राष्ट्रीय स्पर्धेत मनाईच आहे, तेव्हा डॉक्टरची भूमिका असली तरी पांढरा कोट शोधत फिरू नका. उन्हाळी शिबिरं मात्र महाग असतात. पहिल्या वर्षी त्यांची गरज नाही.

स्पर्धा सणाच्या किंवा धार्मिक दिवशी आली तर?

आधी कळवा, आणि लेखी कळवा. या प्रश्नावर राष्ट्रीय स्पर्धेत मोठं वादळ झालेलं आहे. २००५ मध्ये शार्लट इथल्या स्पर्धेत न्यू जर्सीचा विजेता संघ एका ज्यू शाळेचा होता आणि शनिवारी, सब्बाथच्या म्हणजे ज्यू धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, ती मुलं उतरू शकत नव्हती. त्या वर्षी वेळापत्रक जुळवून घेतलं गेलं, पण पुढे अशी सवलत द्यायला राष्ट्रीय मंडळाने नकार दिला. न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलायना बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी निमंत्रितांची स्पर्धा सुरू केली. २००९ मध्ये अटलांटात मॅसॅच्युसेट्सच्या एका ज्यू शाळेबाबत तोच पेच उभा राहिला आणि बऱ्याच ताणाताणीनंतर तोडगा निघाला. आपली दिवाळी सहसा सरावाच्या दिवसांत येते, त्यामुळे प्रशिक्षकाशी बोलून भागतं.

भारतात शाळांसाठी असं काही आहे का? आजोबा विचारतात.

शाळांमध्ये अभिरूप संसद भरते आणि विधी महाविद्यालयांत मूट कोर्ट रुजलेलं आहे. शालेय पातळीवर खटला चालवण्याची मोठी परंपरा मात्र नाही. आजोबांना समजावताना ज्यूरीपाशी अडायला होतं. त्यांना नानावटी खटल्याची आठवण करून द्या. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नौदल अधिकारी कावस नानावटींना खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि तिथे ते दोषी ठरले. भारतातली ज्यूरी पद्धत पुढे काही वर्षांत मोडीत निघाली. अमेरिकेत ती राज्यघटनेच्या १७९१ च्या दुरुस्त्यांनीच पक्की केलेली आहे. म्हणून इथली मुलं न्यायाधीशाइतकंच त्या बाकांकडे बघून बोलायला शिकतात.

आणि आजोबा निवृत्त वकील किंवा कोर्टातले कारकून असतील तर मग काय! सरतपासणी-उलटतपासणीच्या गोष्टी त्यांच्याकडून जरूर ऐकवा. फक्त भारतीय कायद्याची कलमं सरावात घुसवू नयेत, बाडात नसलेला कायदा इथे निरुपयोगी.

शाळेत संघच नसेल तर?

सामाजिक शास्त्रांच्या एखाद्या शिक्षकाला गाठा आणि सात-आठ मुलं जमवा. मग काउंटीच्या किंवा राज्याच्या बार असोसिएशनला लिहा. अनेक ठिकाणी स्पर्धा तेच चालवतात आणि मदत करायला तयार वकीलही तेच शोधून देतात. जुन्या वर्षांचे खटले बऱ्याच राज्यांच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात, तोवर त्यावर सराव सुरू करता येतो.

आम्ही बघायला जाऊ शकतो का?

सहसा हो, आणि जरूर जा. पण एकदा सामना सुरू झाला की संघाशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, पाण्याच्या बाटलीबरोबर चिठ्ठी तर मुळीच नाही. प्रशिक्षकालाही तेव्हा मुलांशी बोलता येत नाही. आपला सामना नसताना पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा खटला बघत बसणं ही हेरगिरी समजली जाते आणि त्याचा दंड संघाला बसू शकतो. फोन बंद ठेवा, चित्रीकरणाची परवानगी आधी विचारा. मुलीने हरकत जिंकली तरी टाळ्या वाजवू नका. न्यायाधीश ओरडले तर तिला लाज वाटेल, तुम्हाला नाही.